पूषाचे दात

शतपथ ब्राह्मणातला पूषा हा देव बोळका आहे. रुद्राच्या बाणाने विद्ध झालेल्या हविर्भागाचा तुकडा त्याने चाखला आणि त्याचे दात पडले. म्हणून त्याला द्यायची आहुती पिठाची असावी, असा तिथला निवाडा. पुराणांनी हीच गोष्ट दक्षाच्या यज्ञात नेली. शंकराची निंदा चालली असताना पूषा दात दाखवून हसला, म्हणून शिवगणांनी ते पाडले. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मात्र देवांचे वैद्य अश्विनीकुमार यांची थोरवी गाताना पूषाचे गळालेले दातही त्यांनीच बरे केले असे सांगितले आहे. म्हणजे याज्ञिकाने अन्न बदलले आणि वैद्याने तोंड.

आपल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या याज्ञिकाचाच मार्ग धरला. मऊ भात, दुधात कुस्करलेली भाकरी, विडा कुटायचा चिमुकला खलबत्ता. या आठवणींना आपण मायेचा मुलामा देतो, पण मिश्री लावून लावून दात गमावलेल्या बाईने ऊस, हरभरे आणि कणीस कायमचे सोडले होते, आणि ते कुणी विचारलेही नव्हते. कवळीने पुढे थोडी सोय केली. ती रात्री काढून वाटीत ठेवायची, आणि चारचौघांत हसताना जरा जपून हसायचे.

वैद्याच्या मार्गाचा इतिहास त्याहून विद्रूप आहे. 1815 साली वॉटर्लूच्या रणांगणावर पडलेल्या सैनिकांचे दात उपटून कवळ्यांसाठी विकले गेले. जॉर्ज वॉशिंग्टनचे लाकडी दात ही निव्वळ दंतकथा. त्याच्या कवळ्यांत पाणघोड्याचे सुळे होते, शिसे होते आणि माणसांचे दातही होते. त्याच्या 1784च्या हिशेबात कृष्णवर्णीयांकडून नऊ दात विकत घेतल्याची नोंद आहे. ते कुणाच्या तोंडात बसले हे त्या वहीत नाही, कुणाच्या तोंडातून निघाले हेही नाही.

परक्याचा दात न मागता तोंड भरून काढण्याची वाट सापडली ती सशाच्या पायात. 1950च्या दशकात स्वीडनमधल्या लुंड इथे संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क हाडातला रक्तप्रवाह पाहण्यासाठी टायटॅनियमचे एक सूक्ष्म उपकरण सशाच्या हाडात बसवत होते. प्रयोग संपला तेव्हा ते निघेना. हाड त्याला घट्ट चिकटून वाढले होते. महागडे उपकरण वाया गेले म्हणून हळहळण्यासारखाच हा प्रसंग, पण ब्रोनेमार्क त्या हट्टी हाडाकडेच पाहत राहिले. 1965 साली गोथेनबर्गमध्ये जन्मतःच जबड्यात व्यंग असलेल्या एका माणसाला त्यांनी जबड्याच्या हाडात रोवायचे टायटॅनियमचे पहिले इम्प्लांट बसवले. तो 2006 साली वारला तोवर ते काम देत होते. दंतवैद्यक जगताने मात्र 1982च्या टोरांटो परिषदेपर्यंत त्यांच्याकडे संशयानेच पाहिले.

टायटॅनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म पापुद्रा धरतो. शरीराला भेटतो तो हा पापुद्रा, आणि हाडाला त्याचे वावडे नसते. याच धातूचे खनिज, इल्मेनाइट, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत आहे. ती तुडवत आपण समुद्र पाहायला जातो.

दात काढला की त्याला धरून असलेले हाड झिजू लागते, पहिल्या वर्षात सर्वाधिक. जणू दातासाठीच उभे राहिलेले ते हाड दात गेल्यावर ओसरते. इम्प्लांटचा स्क्रू त्याला थोपवून धरतो; तीन ते सहा महिन्यांत तो हाडात मुरला की वर कॅप चढते. हरभरे पुन्हा फुटू लागतात. इथे चरकाचे अश्विनीकुमार जिंकले असे म्हणायला हरकत नाही.

तरी या दत्तक दाताला एक गोष्ट येत नाही. खरा दात हाडात थेट रुतलेला नसतो. मधे तंतूंचे नाजूक अस्तर असते, आणि त्यातल्या मज्जातंतूंमुळे केसापेक्षा पातळ, साधारण 20 मायक्रॉनची वस्तूही दातांत आल्याचे कळते. भातातला खडा जिभेआधी दातालाच कळतो तो यामुळे. इम्प्लांटला हे अस्तरच नाही. हाड आणि धातू यांचा मिलाफ इतका घट्ट की त्यात हलायला जागा नाही, आणि जाणवायलाही फारशी नाही. दात हे चावण्याचे हत्यार असते तसेच ते स्पर्शेंद्रियही असते, याची आठवण पाच ज्ञानेंद्रियांची यादी करणाऱ्यांनीही ठेवली नाही. आपणही दात पडेपर्यंत ठेवत नाही.

दुखण्याचेही तसेच. कॅपला कीड लागत नाही, स्क्रूला नस नाही, त्यामुळे भोवतालचे हाड जंतुसंसर्गाने झिजत असतानाही बराच काळ दुखत नाही, आणि स्क्रू घट्टच वाटतो. मधुमेह आणि तंबाखूची चौकशी डॉक्टर आधी करतात ती उगाच नाही. कॅप बसवल्यावर दातांत रंगीत कागद धरून ते विचारतात, “उंच लागतंय का?” खुर्चीतला माणूस गोंधळतो. समोरच्या जबड्यात सख्खा दात असेल तर तो थोडीफार साक्ष देतो. दोन्हीकडे इम्प्लांट असले, तर कॅपवर उमटलेल्या निळ्या ठिपक्यांवर डॉक्टरांची भिस्त.