उशाखालची भाकर



पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर द्यायला जातो, तेव्हा एका आजींच्या घरी माझा थोडा जास्त वेळ जातो. आजींनी नव्वदी ओलांडली आहे. मागे एकदा त्यांच्या सूनबाई वैतागून म्हणाल्या, "फादर, आता तुम्हीच सांगा यांना. चार वेळा खायला देते, तरी भाकरीचा तुकडा फडक्यात बांधून उशाखाली ठेवतात. मुंग्या होतात. लोक म्हणतील, सून उपाशी ठेवते." आजी गप्प होत्या. रात्री कोणी दार वाजवले की त्या दचकून उठतात आणि विचारतात, "बाबा ड्युटीवर गेले का?" बाबांना देवाघरी जाऊन पन्नासहून अधिक वर्षे झाली.

आजींचे वडील कर्जतला रेल्वेत होते. १९४२ साली आजी सहा-सात वर्षांच्या असतील. जगात महायुद्ध पेटले होते आणि इकडे 'चले जाव'ची चळवळ. माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांचा आझाद दस्ता आपल्याच डोंगरांत वावरत होता, मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडत होता. पोलीस त्यांच्या मागावर होते. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. आजही त्या दिवशी तेथे लोक जमतात, आपल्याला त्यांचा अभिमान आहे, आणि तो असावाच. पण सहा वर्षांच्या मुलीला इतिहास कुठे कळतो? तिला एवढेच कळत होते की बाबा रात्री घाटात गाडीवर गेले आहेत, आणि रूळ उखडतील असे चाळीतल्या बायका कुजबुजत आहेत. धान्याची टंचाई होती. "अर्धी आता खा, अर्धी सकाळला ठेव," असे आई सांगायची.

मग हे आताच का वर यावे? मधली सत्तर वर्षे आजींनी संसार केला, मुले वाढवली, शेतात राबल्या. तेव्हा भाकर लपवली नाही. याचे कारण डॉक्टर मंडळी सांगतात ते पटण्याजोगे आहे. हाताला काम असते तोवर मन गुंतलेले असते. काम सुटते, जोडीदार जातो, ऐकू कमी येते, रात्री लांबतात. कालचे विसरायला होते, पण लहानपणीचे घट्ट राहते. लहानपणी जी भीती बोलून दाखवता आली नाही, ती अशा वेळी पुन्हा दार वाजवते.

कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बहुतेक बायका आणि मुले, आणि बहुतेक आपल्याच कॅथलिक धर्माची. १९४० पासून सोव्हिएत राजवटीने त्यांना घरांतून उचलून सैबेरियाकडे नेले होते. उपासमारीत कित्येकांची आईवडील, भावंडे गेली. पुढे इराणमार्गे ती भारतात पोहोचली. छावणीत त्यांना शाळा मिळाली, चर्च मिळाले. त्यांच्यापैकी काही जण २०१९ साली, अगदी म्हातारपणी, मुद्दाम वळिवड्याला येऊन गेले. एवढ्या वयात एवढ्या लांबचा प्रवास कोणी उगाच करत नाही. जिथे भीती संपली आणि पोटभर जेवायला मिळाले, ती जागाही मन विसरत नाही.

निर्गमच्या पुस्तकातील मान्नाची गोष्ट आपण ऐकली आहे. रोजच्यापुरताच गोळा करा, अशी आज्ञा असताना काहींनी सकाळसाठी राखून ठेवला आणि त्याला किडे पडले. मोशे रागावला. आम्ही प्रवचनकार यावरून अविश्वासाचा धडा देऊन मोकळे होतो, मीही दिला आहे. आता वाटते, गुलामगिरीतून नुकतेच सुटलेले, रानात भुकेने कासावीस झालेले ते लोक, त्यांनी दुसरे काय करावे? परमेश्वराने मात्र दुसऱ्या दिवशीही मान्ना पाठवला, राखून ठेवणाऱ्यांनाही.

म्हणून घरच्यांना विनंती, याला हट्ट किंवा वेड म्हणू नका आणि बाहेरची बाधा तर मुळीच म्हणू नका. "विसरा आता" असे सांगून कोणी विसरत नाही. झोप उडाली, खाणे तुटले, तर डॉक्टरांना दाखवा, त्यात लाज नाही आणि श्रद्धेची कमतरताही नाही. उकरून विचारू नका, पण त्या बोलू लागल्या तर थांबा. अम्माऊसच्या वाटेवर प्रभू येशूला सारे ठाऊक होते, तरी त्याने त्या दोघांना आधी सगळे सांगू दिले.

सूनबाईंना मी एवढेच सुचवले होते की भाकर काढून घेऊ नका. गेल्या पहिल्या शुक्रवारी गेलो, तर आजींच्या खाटेजवळ घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा होता. सूनबाई रोज संध्याकाळी त्यात ताजी अर्धी भाकर ठेवतात आणि सकाळी गुरांना घालतात. मी निघताना आजींनी डबा उघडून मला दाखवला आणि विचारले, "फादर, तुम्ही जेवलात का?"