संथ गाणं, धावता ठेका

‘स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ’मध्ये बेस नाही. नाचायच्या संगीतात बेस म्हणजे पायाखालची जमीन, आणि डेरिक मे या संगीतकाराने तीच ठेवली नाही. १९८७ साली डेट्रॉइटमध्ये ‘ऱ्हिदिम इज ऱ्हिदिम’ या नावाने, स्वतःच्या ‘ट्रान्समॅट’ लेबलवर त्याने ही रचना काढली. पियानोची एक छोटी सुरावट, तुकड्यातुकड्यांनी कापलेली व्हायोलिनं, ड्रम मशीनचा ठेका. शब्द एकही नाही. अशा संगीताला, म्हणजे टेक्नोला, यंत्रांचा खडखडाट म्हणणारी माणसंही ही रचना ऐकताना गप्प होतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. ती का गप्प होतात, याची नेहमीची उत्तरं मला पुरत नाहीत.

पहिलं उत्तर आठवणींचं. १९८८च्या सुमारास ब्रिटनमधल्या तरुणांनी, विशेषतः मँचेस्टरच्या हासिएंडा क्लबात, या रचनेला डोक्यावर घेतलं. आज ते साठीकडे झुकलेत आणि ती लागली की त्यांना आपलं तारुण्य आठवतं. हे खरंच आहे. पण जे तेव्हा जन्मलेही नव्हते, त्यांच्या घशाशी आवंढा का येतो?

दुसरं उत्तर डेट्रॉइटचं, आणि ते जास्त वजनाचं आहे. १९५० साली या शहराची लोकसंख्या साडेअठरा लाख होती, १९९० साली ती जेमतेम सव्वादहा लाख उरली. मोटारींचे कारखाने गेले, गोरी वस्ती उपनगरांत गेली, मोटाउन ही रेकॉर्ड कंपनीसुद्धा १९७२ साली लॉस एंजेलिसला निघून गेली. इथलं मिशिगन थिएटर १९२६ साली उघडलं, ते हेन्री फोर्डने आपली पहिली गाडी जिथे जोडली त्या जागेवर. सत्तरच्या दशकात आतून पाडून त्याचं पार्किंग केलं. आजही वर छताची पडझड झालेली नक्षी दिसते आणि खाली काँक्रीटवर गाड्या ओळीने उभ्या असतात. मे आणि त्याचे साथी संगीत घडवत होते ते असल्या शहरात. पण शहराचं दुःख माहीत नसलेला माणूसही या सुरांनी हलतो, म्हणजे काहीतरी सुरांच्याच आत असलं पाहिजे.

मला वाटतं, ते पियानोत आहे. ही सुरावट मेची नव्हे. मायकेल जेम्स या मित्राने वाजवलेलं ते एक संथ गाणं होतं. मेने त्यातला तुकडा उचलला, त्याचा वेग वाढवला आणि तो पुन्हा पुन्हा फिरवला. वेग वाढला तरी गाण्याचा स्वभाव बदलला नाही. एका माणसाने एकट्याने, सावकाश बसून वाजवलेलं ते गाणं. त्या सुरांमधली ओढ तशीच राहिली. आपल्या कानाला ठाऊक असलेल्या शब्दांत सांगायचं तर विलंबितातली तळमळ द्रुतात धावते आहे. पाय ठेक्याबरोबर पळतात आणि मन त्या मूळ चालीपाशी रेंगाळतं. शिवाय खाली बेस नाही, म्हणून हे सगळं अधांतरी. आता टेकेल, आता टेकेल असं वाटत राहतं, पण ते टेकत नाही. ‘स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ’ हे नाव शिकागोचा डीजे फ्रँकी नकल्स याने सुचवलं असं सांगतात. कोणीही सुचवलेलं असो, नाव अचूक आहे.

यंत्रामुळे भावना कोरडी पडते, हा समज इथे मला पूर्ण चुकीचा वाटतो. जेम्सच्या बोटांतून आलेलं गाणं त्या वेगाने धावूनही तितकंच व्याकूळ राहणं, हे यंत्रामुळेच शक्य झालं.

पुढे सोल सेंट्रल या जोडीने कॅथी ब्राऊनचा आवाज घेऊन या रचनेचं गाणं केलं, आणि २००५ साली ते ब्रिटनमध्ये पहिल्या दहा लोकप्रिय गाण्यांत पोचलं. आवाज दमदार आहे, गाणं चांगलं आहे. पण त्यात एक बाई आपण सावरलो, आता एकटीनेही खंबीर उभ्या आहोत, असं सांगते, आणि तिथे पाय जमिनीला लागतात. मेने स्वतः नंतर ही रचना पूर्ण वाद्यवृंदाबरोबरही सादर केली. भरीव, देखणं झालं ते. तरी रात्री उशिरा हेडफोन लावतो तेव्हा मी मूळ रचनेकडेच जातो, कारण तिथे खाली अजून कोणी काही भरलेलं नाही.