पुरेसें साधन

कलेची साधना आणि साधनांचा संग्रह या दोन गोष्टी दिसावयास जवळच्या, पण स्वभावानें अगदीं भिन्न आहेत. पहिलीनें मनुष्य बदलतो. दुसरीनें केवळ त्याची खोली भरत जाते. तथापि दोहोंनाहि खर्च, श्रम आणि उत्साह हीं सारखींच लागत असल्यामुळें एकीच्या जागीं दुसरी केव्हां येऊन बसली, हें भल्याभल्यांना कळत नाहीं. हा प्रश्न जुनाच आहे. परंतु घरच्या घरीं गाणें ध्वनिमुद्रित करण्याची सोय सामान्य मिळकतीच्या माणसाला लाभल्यापासून त्याला एक नवें, आणि बऱ्याच अंशीं मोजतां येण्याजोगें, रूप आलें आहे. गिटार वाजवून गाणारा तरुण ‘परवडेल असा कोणता प्रीअँप घ्यावा?’ असें विचारतो, तेव्हां वरवर तो बाजारभाव विचारीत असतो. पुष्कळदां त्याच्या पोटांत दुसराच प्रश्न असतो : ‘मला गावयास आरंभ करण्याचा अधिकार केव्हां प्राप्त होईल?’

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. माइकासमोर मनुष्य गाऊं लागला म्हणजे त्यांतून निघणारा विद्युत्संदेश अत्यंत क्षीण असतो. साध्या डायनॅमिक माइकांतून तो एक-दोन मिलिव्होल्टच येतो. पुढील यंत्रांना सुमारें एक व्होल्ट हवा असतो. हें हजारपट अंतर, तंत्रज्ञांच्या भाषेंत ६० डेसिबल, भरून काढणें एवढेंच प्रीअँपचें काम. कंडेन्सर माइकाचा संदेश मुळांतच बराच मोठा असतो. त्याला ४० डेसिबल बहुधा पुरतात, मात्र त्यास ४८ व्होल्टांचा पुरवठा लागतो. विजेची गिटार सरळ जोडावयाची असेल तर सुमारें १० लक्ष ओहम रोधाचें निराळें प्रवेशद्वार पाहिजे. एरवीं तिच्या स्वराची चकाकी मावळते. इतक्या गोष्टी पारखून घेतल्या कीं निवडीचा व्यावहारिक भाग बहुतेक संपला.

उरला गुणाचा भाग. संदेश वाढवितांना खरखरहि वाढते, आणि महाग यंत्राची मोहिनी पुष्कळ अंशीं या भीतीवर पोसलेली असते. पण या खरखरीला निसर्गानेंच एक तळ घालून दिला आहे. कोणत्याहि वाहकांत उष्णतेमुळें एक सूक्ष्म खळबळ चालू असते; बेल प्रयोगशाळेंतील जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनीं १९२८ मध्यें तिचें मापन व उपपत्ति प्रसिद्ध केली. १५० ओहमांच्या माइकापुरता हा तळ उणे १३१ डीबीयूच्या आसपास येतो. आज १०-१५ हजार रुपयांत मिळणाऱ्या चांगल्या ऑडिओ इंटरफेसमधील प्रीअँप उणे १२७ किंवा १२८ पर्यंत पोंचतात. म्हणजे कुबेराचें भांडार रितें केलें तरी या बाबतींत विकत घेतां येण्याजोगे डेसिबल उरले तीन-चार! उलट शांत समजल्या जाणाऱ्या खोलींतहि ३० डेसिबलांच्या आसपास गलबला असतो. तो या यंत्राच्या खरखरीहून वरचढ ठरतो. तेव्हां पंखा बंद करणें आणि खिडकीला जाड पडदा लावणें हा उपाय यंत्र बदलण्याहून अधिक गुणकारी, आणि जवळजवळ फुकट.

यावर रसिक म्हणेल कीं प्रश्न केवळ स्वच्छतेचा नसून रंगाचा आहे. हें खरें आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं सूत सरकवून जवारी साधतात. ती तारेच्या शुद्ध कंपांत घातलेली व्यत्ययाचीच एक जात, पण तिच्यावांचून तंबोरा मुका वाटतो. इंग्लंडांत रूपर्ट नीव्ह यांच्या कारखान्यांतून १९७० मध्यें निघालेल्या १०७३ या प्रीअँपची ख्याति त्याच्या ट्रान्सफॉर्मरांनीं स्वराला दिलेल्या अशाच एका घट्टपणावर उभी आहे. त्याच्या जुन्या नगाला आज कांहीं लाख रुपये पडतात. हा रंग खोटा नव्हे. परंतु जवारी कोणती लावावी हें ज्याला आपला षड्ज ओळखतां येतो तोच सांगूं शकतो. आपला आवाज कसा आहे हें ज्याला अजून समजलें नाहीं, त्यानें त्याला शोभणारा रंग कशाच्या आधारें निवडावा?

‘नाचतां येईना अंगण वांकडें’ ही म्हण येथें सहज आठवते. पण ती निकालपत्र म्हणून वापरणें अन्यायाचें होईल. कधीं कधीं अंगण खरोखरीच वांकडें असतें. मंद संदेशाच्या माइकाला दुबळा प्रीअँप जोडून तो शेवटपर्यंत पिळला, तर सुस्कारा ऐकूं येणारच. तेथें गायकाला दोष देणें हा निव्वळ उद्धटपणा. प्रश्न एवढाच कीं अंगण वांकडें आहे कीं पाऊल, हें प्रामाणिकपणें ठरवावें कसें? यासाठीं एक सोपी कसोटी आहे. दोन यंत्रांवर तेंच पद मुद्रित करावें, दोन्ही आवाज सारख्या उंचीचे करावे, आणि कोणतें कोणाचें हें न कळतां ऐकावें. उंची सारखी करणें अगत्याचें. कारण किंचित् मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला भासतो. या कसोटींत फरक उमगला तर खर्च विवेकाचा. न उमगला तर तो अहंकाराला दिलेला नैवेद्य.

अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनीं १९८२ च्या जानेवारींत न्यू जर्सीमधील आपल्या घरीं टॅस्कॅमच्या चार पट्ट्यांच्या कॅसेट यंत्रावर, शुअरचे दोन साधे माइक लावून, कांहीं गीतें मुद्रित केलीं. हेतु केवळ वादकांना चाली ऐकविण्याचा होता. पुढें मोठ्या स्टुडिओंत तीं पुन्हां करून पाहिलीं. पण घरच्या कॅसेटींतील एकाकीपण तेथें हातीं लागेना, आणि अखेर तीच कॅसेट ‘नेब्रास्का’ या नांवानें त्याच वर्षीं सप्टेंबरांत प्रसिद्ध झाली. या गोष्टीवरून दारिद्र्याचें स्तोत्र मात्र रचूं नये. ती कॅसेट तबकडीवर उतरवितांना तंत्रज्ञांची बरीच दमछाक झाली. आणि त्या स्वस्त माइकांसमोर जो मनुष्य बसला होता त्याच्या पाठीशीं अनेक वर्षांची तपश्चर्या होती. साधन साधें होतें. साधना साधी नव्हती.

म्हणून स्वस्त आणि महाग हें द्वंद्वच मला गैरलागू वाटतें. खरें द्वंद्व पुरेसें आणि अपुरें यांचें आहे. जो दुसऱ्यांचें गाणें मोबदला घेऊन मुद्रित करतो, त्याचें ‘पुरेसें’ निराळें. जो रात्रीं काम आटोपून स्वतःसाठीं गातो, त्याचें निराळें. ऋण काढून सण करणाऱ्याची हानि केवळ पैशाची नसते. यंत्राची वाट पाहण्यांत जीं वर्षें जातात त्यांत कंठ थांबून राहत नाहीं. आणि घरांतल्या ज्या वृद्धेच्या ओव्या टिपून ठेवावयाच्या, तिचें आयुष्यहि थांबत नाहीं. थोडी खरखर असलेली ओवी ऐकतां येते. न टिपलेली ओवी कोणत्याहि यंत्रानें ऐकतां येत नाहीं. पुरेसें साधन हातीं आल्यावरहि जो थांबतो, त्याला साधनाची उणीव नसते. आपला आवाज जसा आहे तसा ऐकण्याचें धैर्य त्याला अजून व्हावयाचें असतें. आणि तें बाजारांत मिळत नाहीं.