आईची भूक आणि दोषाचा प्रश्न

खर्डा हे गाव इतिहासाच्या पुस्तकांत 1795 सालच्या मराठे-निजाम लढाईसाठी प्रसिद्ध आहे. गावातील वृद्ध माणसे मात्र वर्षे मोजतात ती बहात्तरच्या दुष्काळापासून. अशाच एका आजीने मध्यंतरी मला एक प्रश्न विचारला आणि मी निरुत्तर झालो. दुष्काळात ती खडी फोडायला जात असे. तेव्हा तिला दिवस गेलेले होते. 1973 साली जन्मलेला तो मुलगा अंगाने काटकुळा, तरीही आज मधुमेहाने ग्रस्त आहे. कॉलेजात शिकणाऱ्या नातीने आजीला सांगितले की, या रोगाचे मूळ आईच्या गर्भारपणातील उपासमारीत असू शकते. आजी म्हणाली, "म्हंजे माझ्यामुळंच झालं का ह्याला?"

नातीचे म्हणणे निराधार नव्हते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी 1993 पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील माता व त्यांची मुले यांचा अभ्यास करीत आले आहेत. तेथील अर्भकांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो भरले; इंग्लंडमधील अर्भकांचे 3.5 किलो. आश्चर्य असे की, आपल्या बाळांचे हातपाय रोडावलेले असूनही त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. 2004 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात डॉ. याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी युडकिन यांच्यासह स्वतःचेच उदाहरण मांडले: उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिक यांची 21.2 टक्के!

हे घडते कसे? गर्भाच्या पेशींत जनुकांवर मिथिल नावाचे लहानसे रासायनिक गट चिकटतात आणि कोणते जनुक किती कार्य करील हे बऱ्याच अंशी त्यांवर ठरते. हे गट पुरवण्यासाठी शरीराला फोलेट व ब-12 जीवनसत्त्व लागते. हॉलंडमध्ये 1944-45 च्या उपासमारीत ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या एका वाढविषयक जनुकावर साठ वर्षांनंतरही, त्यांच्याच भावंडांच्या तुलनेत, हे गट कमी आढळले. पुण्याच्या अभ्यासातील सुमारे दोन तृतीयांश मातांत ब-12 अपुरे होते. ते प्रामुख्याने दूध, अंडी, मांस यांसारख्या पदार्थांतून मिळते. ज्या मातांत ब-12 कमी पण फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक दिसला. गरोदर स्त्रियांना आपण लोह-फॉलिक आम्लाच्या गोळ्या सद्भावनेने वाटतो. त्यांत ब-12 नसते. त्या गोळ्या टाकून द्याव्यात असा याचा अर्थ नव्हे, पण विचार करायला लावणारी ही गोष्ट खरी.

आता आजीचा प्रश्न. असे अभ्यास समूहाविषयी बोलतात. एका माणसाचा रोग नेमका कशाने झाला, हे त्यांवरून सांगता येत नाही. परंतु एवढ्याने मन शांत होत नाही, कारण तिचा प्रश्न शास्त्राचा नव्हताच. शास्त्र कारण शोधते, आपण त्याला ताबडतोब दोषी माणूस जोडून देतो, आणि तो माणूस बहुधा बाईच असते. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही प्रभूला हेच विचारले होते: पाप कोणाचे, त्याचे की आईबापांचे? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. मला वाटते, रेणूंच्या या नव्या भाषेत आपण तोच जुना प्रश्न विचारू लागलो आहोत. आजी उपाशी का होती, हे मात्र कोणी विचारीत नाही. कामावर मिळालेली सुकडी ती घरी आणी. आधी पुरुष जेवत, मग मुले, उरले तर ती. तिच्या गर्भावर काही कोरले गेले असेलच, तर त्यात पाऊस, सरकार आणि घरातील पंगतीचा क्रम या सर्वांचा हात होता.

पुण्याच्या त्याच अभ्यासात जन्मलेल्या मुलामुलींना 2012 पासून, ती किशोरवयात असतानाच, एका प्रयोगात ब-12 च्या गोळ्या दिल्या गेल्या. पुढच्या पिढीची तयारी म्हणून. गोळी हा न्यायाला पर्याय आहे काय, अशी शंका माझ्या मनात राहते. तरीही मी आजीला हे सांगितले. तिने फक्त एकच विचारले, "पोरांनाबी दिल्या?"

"हो आजी, मुलांनाही."

"मग ठीक," असे म्हणून तिने नातीला हाक मारली आणि ती जेवली का ते विचारले.