मुक्या जनावराची दया आणि वैरणीचा हिशोब



चैत्र-वैशाख आला की आपल्या कुटुंबांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. हाडं वर आलेल्या गाईचा नाहीतर बैलाचा फोटो असतो, आणि खाली लिहिलेलं असतं की जनावर कसायाला विकणाऱ्याला देव माफ करणार नाही. आपण हात जोडतो आणि पुढे पाठवतो. मागे प्रसादाच्या सेवेत भाजी निवडताना आम्हा बायकांमध्ये यावरच बोलणं निघालं. शिरपूरकडच्या एक मावशी म्हणाल्या, "शाप द्यायला काय जातं? त्याच्या दावणीला पेंढी शिल्लक होती का, ते विचारलं का कोणी?" सगळ्या गप्प झाल्या. म्हणून म्हटलं, हा प्रश्न सगळ्यांसमोर मांडूया.

*दुष्काळात मुकं जनावर जगवायचं, हा धर्म कोणाचा? ज्याच्या दावणीला ते बांधलंय त्या एकट्याचा, की आपलाही?*

उधना, लिंबायत, दिंडोलीतली आपली कितीतरी घरं धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेली. गावाला अजून भाऊ, दीर, मामा शेती करतात. तेव्हा हा विषय आपल्याच खळ्यातला आहे.

आधी थोडा हिशोब करू, कारण घर चालवणाऱ्या बाईला हिशोबाशिवाय धर्म कळत नाही. ४०० किलो वजनाच्या बैलाला दिवसाला साधारण ८ ते १० किलो कोरडी वैरण लागते आणि उन्हाळ्यात ४०-५० लिटर पाणी. २०१९ च्या दुष्काळात सरकारने चारा छावण्यांना मोठ्या जनावरामागे दिवसाला आधी ७० रुपये दिले, ते वाढवत १०० पर्यंत नेले. १०० रुपये धरले तर महिन्याचे ३,००० झाले. माघापासून पाऊस पडेपर्यंत पाच महिने धरा, एका बैलाचे १५,००० आणि जोडीचे ३०,०००. ज्याची कपाशी जळाली, ज्वारी पोटरीतच वाळली, त्याने हे आणायचे कुठून? मुलीची फी भरायची की कडबा घ्यायचा, असा पेच त्याच्यापुढे असतो. आपल्याला फोटोत फक्त गाय दिसते, हा पेच दिसत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. दुष्काळ वैशाखात दिसतो, पण कळतो दिवाळीलाच. महाराष्ट्र सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तो ३१ ऑक्टोबर २०१८ ला. त्या वर्षी लक्ष्मीपूजन ७ नोव्हेंबरला होतं. म्हणजे वसुबारसेला आपण गाय-वासराची पूजा करत होतो, तेव्हा पुढचा उन्हाळा कसा जाणार हे ठरून गेलं होतं. खानदेशातले तालुकेही त्या यादीत होते. छावण्या मात्र बहुतेक बीड, नगर, सोलापूर भागात उघडल्या, आणि त्याही नव्या वर्षात. मधले महिने शेतकऱ्याने एकट्याने काढले. कडबा सुगीला स्वस्त असतो आणि मे महिन्यात हाताला लागत नाही. तेव्हा आपली दया वैशाखात जागी झाली तर जनावराच्या ती फारशी कामाची राहत नाही.

आता कायद्याचं. महाराष्ट्रात गाईला १९७६ च्या कायद्याने संरक्षण होतंच. मार्च २०१५ पासून बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आली. गुजरातेतही गोवंशाला बंदी आहे. आपल्याला समाधान वाटलं आणि ते साहजिक आहे. पण कायद्याने सुरी थांबली, तरी त्या बैलाच्या पुढ्यातली गव्हाण काही आपोआप भरली नाही. काम न होणाऱ्या बैलाला आता गिऱ्हाईक नाही, मग कोणी रात्री त्याला रस्त्यावर सोडून देतं. कोणी ठेवतं, पण अर्ध्या पोटी. खुंट्याला बांधून उपाशी मरू दिलं, तर आपण त्याला अहिंसा म्हणायचं का? आम्हाला नाही तसं वाटत. मारू नको असं सांगणाऱ्याने खायला काय घालू तेही सांगायला हवं, आणि नुसतं सांगून भागत नाही.

संत एकनाथ महाराजांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. काशीहून गंगेची कावड रामेश्वराला न्यायची होती. वाटेत तहानेने तडफडणारं गाढव दिसलं आणि नाथांनी ते पाणी त्याच्या तोंडात ओतलं. यात एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. कावड नाथांची स्वतःची होती, इतक्या लांबून खांद्यावर आणलेली. गाढवाच्या मालकाला ते शोधत बसले नाहीत, त्याला दोषही दिला नाही. दया करणाऱ्याचं स्वतःचं काहीतरी त्यात गेलं, म्हणून ती दया.

आपल्या सुरतेलाही हे नवीन नाही. १६९० च्या सुमारास इथे आलेल्या जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने सुरतेतल्या जनावरांच्या इस्पितळाबद्दल लिहून ठेवलंय. गुजरातेतल्या पांजरापोळांसाठी व्यापाऱ्यांचं महाजन आपल्या धंद्यावर ठराविक लागा बसवत असे. म्हणजे पुण्याचा खर्च सगळ्यांनी वाटून घेतलेला. साताऱ्याकडे म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने २०१२-१३ च्या दुष्काळात छावणी चालवली, तेव्हा घरंच्या घरं जनावरांपाशी येऊन राहिली. शेतकऱ्याला जनावर नको असतं असं नाही. त्याला कोणीतरी हात द्यावा लागतो.

*मग आपण काय करू शकतो?*

🌾 *गावाला दिवाळीतच फोन करा.* "चारा किती महिन्यांचा आहे?" एवढं विचारा. कमी असेल तर कडब्याचे पैसे सुगीलाच पाठवा.

🌾 *कमी चाऱ्यात निभवायच्या रीती सांगा.* कडब्याची कुट्टी केली तर नासाडी बरीच वाचते. १०० किलो गव्हाच्या भुशाला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून सारखा शिंपडून, २१ दिवस हवाबंद झाकून ठेवला तर भुसा जास्त पचतो. माप चुकवू नये, युरियाचं पाणी जनावराच्या तोंडी लागू देऊ नये, आणि सहा महिन्यांखालच्या वासराला तो भुसा देऊ नये. पहिल्या वेळी पशुवैद्यकाला विचारूनच करावं. पाण्याविना खुरटलेली कोवळी ज्वारी विषारी असते, ती घालू नये. बारडोलीकडे ऊसतोडीला येणाऱ्या आपल्या लोकांना वाढे मिळतात, पण नुसत्या वाढ्यांवर ठेवलं तर जनावराचं कॅल्शियम कमी होतं. सोबत खनिज मिश्रण द्यायला सांगा.

🌾 *सगळी जनावरं जगवणं शक्य नसेल,* तर गाभण, दुभती आणि कामाची आधी. बाकीची अंगावर मांस आहे तोवरच चारा-पाणी असलेल्या नातेवाइकाकडे किंवा खात्रीच्या गोशाळेत पोचवावी. हा निर्णय लवकर घेणारा निष्ठुर नसतो.

🌾 *इथल्या गाईंना लग्नातलं उरलेलं अन्न, पोळ्यांचे ढीग घालू नका.* एकदम एवढं धान्य पोटात गेलं की जनावर आजारी पडतं, कधी मरतंही. प्लास्टिकची पिशवी तर नकोच. हिरवा चारा द्या, पाण्याची कुंडी भरून ठेवा.

आम्ही सेवेकरी बायकांनी एक ठरवलंय. तसा फोटो आला की पुढे पाठवायच्या आधी एका दिवसाच्या वैरणीचे १०० रुपये बाजूला टाकायचे. ज्या दिवशी ते जमणार नाही, त्या दिवशी फोटोही पाठवायचा नाही आणि शापही द्यायचा नाही. डबा स्वयंपाकघरातच ठेवलाय, वसुबारसेला उघडू. आपल्या घरीही असा एक डबा ठेवून बघा, आणि गावाकडच्या कोणत्या घरी चारा कमी आहे ते आपल्या ग्रुपप्रमुख ताईंना कळवा.

जय गुरुदेव 🙏