मोत्याचा गुन्हा



महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मी आजारी माणसांना कम्युनियन देण्यासाठी घरोघरी जातो. काटोल रोडने शहराबाहेर पडल्यावर जिथे संत्र्यांच्या बागा सुरू होतात, तिथे आपल्या धर्मग्रामातले एक कुटुंब वावरातच घर बांधून राहते. बाबा चार वर्षांपासून अंथरुणाला खिळलेले आहेत. सारे काही मावशी पाहतात. घरामागे जाळी लावलेले छोटे आवार आहे, त्यात खुराडा आहे, आणि दारात मोत्या नावाचा कुत्रा आहे. अंड्यांच्या पैशातून बाबांच्या गोळ्या येतात. गावठी कोंबडी वर्षाला फार तर पन्नास-साठ अंडी देते. म्हणून मावशींनी वनराजा जातीच्या सहा तलंगा आणून वाढवल्या होत्या. त्या महिन्याभरात अंड्यावर येणार होत्या.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मोत्याने त्या सहाच्या सहा मारल्या. जुन्या पाच कोंबड्यांना त्याने तोंडही लावले नाही.

शनिवारी मावशींचा फोन आला. रविवारी दुपारी मी गेलो. मोत्या कडुनिंबाला बांधलेला होता. शेजारी जमले होते आणि प्रत्येकाकडे एक सल्ला होता. कोणी म्हणे, रक्ताला चटावला, आता सुधारणार नाही, भाकरीत औषध घालून द्या. कोणी म्हणे, पोत्यात घालून हायवेच्या पलीकडे सोडून या. मावशी मला म्हणाल्या, "फादर, तीन वर्षं याच्या भरवशावर कोंबड्या वावरात सोडल्या जी. मुंगूस आलं का हाच भुंके. भूक लागून एखादी खाल्ली असती तर मी समजून घेतलं असतं. याने तर खाल्लीबी नाही. नुसत्या मारून टाकल्या. आता सांगा, याले ठेवू का घालवू?" आणि मग, "पाहा ना कसा तोंड पाडून बसला आहे. याले समजते याने काय केलं ते."

प्रश्न कोंबड्यांचा वाटतो, पण खरे पाहता तो फार जुना प्रश्न आहे. गुन्हा कोणाला करता येतो?

माणसाने कधी काळी जनावरांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले होते. फ्रान्समधील फालेझ या गावी १३८६ साली एका बालकाचा जीव घेतल्याबद्दल एका डुकरिणीवर खटला चालला आणि तिला फाशी देण्यात आली. आपण हसतो. पण भाकरीत औषध घालून 'शिक्षा' देऊ पाहणारे आपण त्या न्यायाधीशापासून फार दूर आहोत का?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला संत थॉमस अक्विनास यांचा एक विचार समजावून दिला होता. लांडगा दिसताच मेंढी पळते. पळावे की थांबावे, याची तुलना ती करत नाही. तिच्या स्वभावातच तो निर्णय ठेवलेला असतो. माणूस मात्र दोन वाटा समोर ठेवून त्यांतली एक निवडू शकतो, आणि म्हणूनच त्याला दोष लागतो. मोत्यासमोर दोन वाटा नव्हत्या. त्याच्या डोळ्यांपुढे काहीतरी फडफडले, पळाले, ओरडले. कुत्र्याच्या रक्तात पाठलाग आहे. एक पळाली म्हणून दुसरी पळाली, दुसरी पळाली म्हणून तिसरी. भूक नसतानाही कुत्रा अशा वेळी एकामागून एक पक्षी मारतो. त्यात दुष्टपणा नसतो. जुन्या कोंबड्या त्याला ओळखत होत्या, त्याच्यापासून पळत नव्हत्या, म्हणून त्या वाचल्या.

आणि ते पाडलेले तोंड? अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मालक बाहेर गेल्यावर काही कुत्र्यांनी मनाई केलेला खाऊ खाल्ला, काहींनी खाल्ला नाही. पण 'अपराधी' चेहरा कोणाचा दिसला? ज्याला मालक रागावला त्याचा, मग त्याने खाल्ले असो वा नसो. तो चेहरा केलेल्या कृत्याचा नव्हता, मालकाच्या रागाचा होता. मोत्या मावशींचे दुःख वाचत होता आणि आपण त्याला पश्चात्ताप समजत होतो.

हे सारे मी तिथे खाटेवर बसून समजावून सांगितले. सांगताना मला बरेही वाटत होते. शेजारी माना डोलावत होते. मग मावशी हळूच म्हणाल्या, "आवाराचं फाटक तर मी कधी उघडं ठेवत नाही जी. शुक्रवारी तुमी गेल्यावर मी बाहेर आलीच नाही, बाबांपाशीच होती."

बंधुभगिनींनो, त्या क्षणी मला आठवले. शुक्रवारी निघताना मी तलंगा पाहायला आवारात शिरलो होतो. तेवढ्यात फोन वाजला. बोलत बोलत मी बाहेर पडलो, गाडीला किक मारली आणि निघालो. फाटकाची कडी मी लावली नव्हती.

मी काय केले असेल? मी काहीच बोललो नाही. चहा घेतला, प्रार्थना केली आणि परत आलो.

दोन रात्री झोप लागली नाही. ज्याला दोष लागूच शकत नाही त्याच्या निर्दोषपणावर मी प्रवचन देत होतो, आणि ज्याला दोष लागतो तो माणूस खाटेवर बसून चहा पीत होता. मोत्या बोलू शकत नाही म्हणून गप्प होता. मी बोलू शकत होतो.

सोमवारी मी निर्गमाच्या पुस्तकातला एकविसावा अध्याय काढला. तो आपण मिस्सामध्ये क्वचितच ऐकतो. एकाच्या बैलाने दुसऱ्याचा बैल मारला तर काय करावे, असा तिथे प्रश्न आहे. जिवंत बैल विकून पैसे वाटून घ्यावेत, असे नियमशास्त्र सांगते. त्या बैलाला मारा, असे तिथे म्हटलेले नाही. मात्र बैल मारका आहे हे ठाऊक असूनही मालकाने त्याला आवरले नसेल, तर पूर्ण भरपाई मालकाने द्यायची. त्याच्या थोडे वर आणखी एक नियम आहे. कोणी खड्डा उघडा ठेवला आणि त्यात दुसऱ्याचा बैल किंवा गाढव पडले, तर ज्याने खड्डा उघडा ठेवला त्याने भरून द्यावे. मुद्दाम केले की विसरला, हे तिथे विचारलेले नाही. फक्त एवढेच विचारले आहे की, झाकण कोणी ठेवायचे होते?

इथे मला दोन शब्द वेगळे करावेसे वाटतात : दोष आणि जबाबदारी. मोत्याला दोष नाही आणि जबाबदारीही नाही. मला कोंबड्या मारायच्या नव्हत्या, म्हणून माझा दोष लहान म्हणता येईल, पण जबाबदारी पूर्ण माझीच. आपण मात्र नेहमी दोषाचीच चर्चा करतो. 'माझा तसा हेतू नव्हता' असे म्हटले की आपल्याला मोकळे झाल्यासारखे वाटते. त्यात मावशींच्या सहा तलंगा परत येत नाहीत. गप्प राहण्याचा दोष मात्र लहान नव्हता. तो मी जाणूनबुजून केला होता.

मंगळवारी मी परत गेलो आणि मावशींना सारे सांगितले. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मले शनिवारीच समजलं होतं जी. तुमी सांगता का नाही, तेच पाहत होती." तलंगांचे पैसे देऊ केले तेव्हा त्यांनी घेतले, आणि बरे झाले घेतले. 'राहू द्या फादर' म्हणाल्या असत्या तर मला पुन्हा फुकट मोकळे झाल्यासारखे वाटले असते.

मग मोत्याचे काय? मावशींनी त्याला ठेवले. औषध घालणे हे पाप तर आहेच, प्राण्यांना निर्दयतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार गुन्हाही आहे. प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाला शोभत नाही, असे आपली धर्मशिकवणही सांगते. आणि हायवेपलीकडे सोडून देणे म्हणजे आपली जबाबदारी दुसऱ्याच्या दारात टाकणे. आपल्याच शहरात ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटले होते की, ज्यांना मोकाट कुत्र्यांना खाऊ घालायचे आहे त्यांनी ते दत्तक घ्यावेत. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्देशाला स्थगिती दिली. कायद्याचा वाद कायदेपंडितांवर सोडू. पण रस्त्यावरच्या अनेक कुत्र्यांना कधीतरी घर होते, आणि कोणीतरी त्यांना पोत्यात घालून आणले होते, हे विसरू नये.

ठेवायचे म्हणजे नुसती दया करून भागत नाही. पुन्हा फाटक उघडे राहिले तर मोत्या पुन्हा तेच करील, कारण तो मोत्या आहे. आपल्याकडचे धनगर कळपाचा कुत्रा पिल्लू असल्यापासून मेंढरांतच वाढवतात. ऑस्ट्रेलियात वॉर्नाम्बूल गावाजवळच्या मिडल आयलंडवर कोल्ह्यांनी पेंग्विन इतके खाल्ले की २००५ च्या सुमारास दहासुद्धा उरले नव्हते. तेव्हा तिथल्या एका कोंबडीपालकाने सुचवले की माझ्या कोंबड्या मरेमा जातीचे कुत्रे राखतात, तेच इथे आणा. २००६ पासून त्या कुत्र्यांनी पेंग्विन राखले. जो प्राणी मारू शकतो, तोच राखूही शकतो. पण हा भरवसा आयता मिळत नाही. तो लहानपणापासून, रोज, कोणीतरी शेजारी उभे राहून घडवावा लागतो. मोत्याला जुन्या कोंबड्यांची सवय झाली होती. नव्या तलंगांशी त्याची ओळख कोणी करून दिली नव्हती. आता नवी पिल्ले आली की त्याला आधी पोटभर खाऊ घालायचे, साखळी हातात धरून जाळीबाहेर बसवायचे, शांत राहिला की शाबासकी द्यायची. कोंबड्या दुपारनंतर सोडायच्या, आणि तेवढा वेळ तो बांधलेला. घडून गेल्यावर मारण्यात अर्थ नाही, मार कशाबद्दल पडला हे त्याला कळत नाही.

पुढच्या शनिवारी आपल्या युवक मंडळाच्या दोन मुलांना घेऊन मी तिथे गेलो. फाटकाला स्प्रिंगचे बिजागर बसवले. आता ते आपोआप बंद होते, विसराळू धर्मगुरू आला तरी.

यशया संदेष्ट्याने असा दिवस पाहिला की, लांडगा आणि कोकरू एकत्र राहतील. ते देवाचे वचन आहे आणि त्यावर माझा विश्वास आहे. पण तो दिवस येईपर्यंत जाळी लावणे हे माणसाचे काम आहे. जाळी म्हणजे अविश्वास नव्हे. ज्याचा स्वभाव आपल्याला ठाऊक आहे त्याच्यावर त्याच्या शक्तीपेक्षा मोठे ओझे न टाकणे, हेही प्रेमच आहे.

हेच आपल्या घरातही लागू होते. कामवाल्या बाईची 'परीक्षा' घ्यायला टेबलावर पैसे ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. दारू सोडण्याची धडपड करणाऱ्या भावाला लग्नघरी 'एकच घोट' म्हणून आग्रह करणारेही पाहिले आहेत. तो पडला की आपण म्हणतो, बघा, शेवटी जातीवर गेला. त्याचा दोष आहेच. तो मोत्या नाही, माणूस आहे, त्याच्यासमोर दोन वाटा होत्या. पण कडी कोणी काढली होती?

या आठवड्यात एवढेच करू या. ज्याच्यावर आपला राग आहे, त्याचे नाव मनात घ्यावे. त्याने काय केले ते सगळे आठवावे. आणि मग स्वतःला एकच गोष्ट विचारावी : त्या संध्याकाळी फाटकातून शेवटचा बाहेर कोण पडला होता?

उत्तर 'मी' असे आले, तर माझ्यासारखे दोन रात्री थांबू नका.

तुमचा,
धर्मगुरू