लोहार एकच असावा काय?

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, तेराव्या अध्यायात, एक लहानशी पण बोचरी हकिकत आहे. शौल राजाच्या काळी इस्राएलात लोहार उरला नव्हता. फाळाला किंवा कुऱ्हाडीला धार लावायची तर शत्रूच्या, म्हणजे पलिष्ट्यांच्या, दारी जावे लागे. लढाईच्या दिवशी लोकांच्या हाती ना तलवार, ना भाला. शस्त्र कोणी घडवावे, हा प्रश्न इतका जुना आहे.

अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील चँडलर शहरी तो आज नव्या रूपात दिसतो. येथे ऑर्बिटल सायन्सेस कंपनी पेगासस व मिनोटॉर हे अग्निबाण तयार करी. २०१५ साली ती दुसऱ्या कंपनीशी मिळून ऑर्बिटल एटीके झाली, आणि २०१८ साली नॉर्थ्रॉप ग्रमनने तिला विकत घेतले. १९९० नंतर मोठे शस्त्र-ठेकेदार ५१ वरून ५ वर आले, असे अमेरिकेच्या संरक्षण खात्यानेच २०२२ साली नमूद केले.

युरोपची तऱ्हा उलट. जर्मनीचा लेपर्ड, फ्रान्सचा लेक्लेर्क, ब्रिटनचा चॅलेंजर, इटलीचा आरिएते. प्रत्येकाचा रणगाडा निराळा. २०२३ साली युक्रेनला लेपर्ड गेले आणि चॅलेंजरही गेले, पण एकाचा तोफगोळा दुसऱ्याला चालेना. ऐन लढाईत अशी फाटाफूट जीव घेते. म्हणून एक व्हा म्हणणारे चूक नाहीत.

पण आपण शनिवार तेल्यांचे वंशज. गावात घाणा एकच असला, तर तेलाचा भाव गाव ठरवीत नाही, घाणेवाला ठरवतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तेल महाग झाले तर फोडणी कमी घालता येते. शत्रू सीमेवर असताना सरकार शस्त्राला 'नको' म्हणू शकत नाही. पैसा करदात्याचा जातो, आणि माल वेळेवर आला नाही तर मुलगा कुणा आईचा जातो. इस्राएलनेही २०१८ सालीच आपला जुना सरकारी शस्त्र-कारखाना एल्बिट कंपनीला विकला. ज्यांच्या घरची मुले तेथील सैन्यात आहेत, त्यांना ही चर्चा परकी नाही.

मग न्याय्य काय? चँडलरच्या व्यवहाराला परवानगी देताना अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अट घातली: अग्निबाणांची घन इंधनाची इंजिने प्रतिस्पर्ध्यांनाही भेदभाव न करता विकावीत. माझ्या मते नीतीचे मर्म या अटीत आहे. लोहार किती, यापेक्षा लोहाराला जाब विचारणारा कोणी आहे की नाही, हे महत्त्वाचे.

रानात बारा वंशांची निशाणे बारा होती, पण छावणी एकाच मंडपाभोवती पडे. एकी ती हीच. एकी असावी, मक्ता नसावा.